भाकर-दुधावर पिल्लू वाढतं का? नखरेल पिल्लाच्या ताटलीवरून

मांजराकाठ (लातूर)

खंड्या अडीच महिन्यांचा आहे. जानवळहून आणलेलं, पश्मी या शिकारी कुत्र्याच्या जातीचं पिल्लू. आल्या आल्या दूध-भाकर कुस्करून ठेवली, हुंगून बाजूला झाला. वरण-भात ठेवला, तेच. दहीभात, तेच. मग लेकीने बिस्किटं दिली, ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी बिस्किटांनाही तोंड लावेना, तेव्हा आईने चिकनचे तुकडे उकडून घातले. तिसऱ्या दिवसापासून चिकनही हातातूनच पाहिजे. मी ताटलीपुढे मांडी घालून बसायचो आणि तो माझ्या बोटांकडे बघत राहायचा. ताटलीकडे ढुंकूनही नाही.

माझं ठाम मत झालंय की हे नखरे त्याचे नाहीत, आमचे आहेत. नाही म्हटलं की जास्त चांगलं मिळतं, एवढं त्याला चार दिवसांत समजलं. त्याला दोष कसा देणार?

दुसरं मत जरा कडू लागेल. दूध-भाकर हे वाढत्या पिल्लाचं जेवण नाही. ज्वारीत प्रथिनं साधारण १० टक्के. पिल्लांच्या खाद्यात कोरड्या वजनावर किमान २२.५ टक्के प्रथिनं असावीत, असा अमेरिकेतल्या आफ्को संस्थेचा मापदंड आहे; वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यासाठी १८. शिवाय ज्वारीत फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-नऊ पट असतो. पिल्लाला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं, नाहीतर हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात. दुधाने ही कसर निघेल म्हणावं, तर आईपासून तुटलेल्या पिल्लाला गाई-म्हशीचं दूध जास्त झालं की हगवण ठरलेली.

आता आमच्याकडे पिल्लांचं कोरडं खाद्य कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, वरून थोडं उकडलेलं अंडं, दिवसातून चार वेळा ठरलेल्या वेळी. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर ताटली उचलायची, मधे काही नाही. सोबत कॅल्शियमचं औषध. सहा दिवस घरात रोज भांडणं झाली, आई माझ्याशी बोलेना. सातव्या दिवशी खंड्याने ताटली चाटून पुसली.

आखाड्यावरचा (कळमनुरी)

दादा, राग मानू नका, पण पटलं नाही. आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, आजोबांच्या काळापासून कुत्री आहेत. सकाळी ताकात भाकर, रात्री उरलेल्या वरणात भाकर. रानडुकरं हाकलून लावतात ती याच भाकरीवर. एकाचाही पाय वाकडा नाही. पाकिटं येऊन किती वर्षं झाली? त्याआधी मराठवाड्यात पिल्लं वाढतच नव्हती का? शहरात नेऊन पिल्लू कोंडायचं, पळू द्यायचं नाही, भूक लागू द्यायची नाही आणि मग खात नाही म्हणायचं. माझ्या मते तुमच्या खंड्याला खाद्याची नाही, रानाची गरज आहे.

मांजराकाठ

अण्णा, एकच सांगा. तुमची कुत्री दिवसभर रानात काय काय खातात?

आखाड्यावरचा

उंदीर, घुशी धरतात. सरडे खातात. गाय व्याली की वार पुरायच्या आत पळवतात. पण आम्ही काही देत नाही ते.

मांजराकाठ

तेच म्हणतोय मी. तुमची भाकर त्यांचं अर्धं पोट भरते, उरलेलं मांस न् हाडं ती स्वतः मिळवतात. माझा खंड्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी देईन तेवढंच त्याच्या पोटात जातं. मी फक्त भाकर दिली तर त्याला फक्त भाकरच मिळणार, वार मिळणार नाही.

जुना वाचक (छत्रपती संभाजीनगर)

भाकरीच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ जास्त असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं राहून झालेला हा बदल आहे. तेव्हा धान्य म्हणजे कुत्र्याला विषच, असं जे हल्ली ऐकू येतं ते खोटं आहे. मात्र पचणं वेगळं आणि वाढीला पुरणं वेगळं. लेकरालाही भाकर पचते, म्हणून नुसत्या भाकरीवर कोणी लेकरू वाढवत नाही.

परभणीची मावशी

वीस मिनिटांत ताटली उचला, हे सरसकट सांगू नका हो. मी तेच ऐकून पस्तावले आहे. आमचं पॉमेरेनियन दोन महिन्यांचं होतं, मूठभर जीव. रात्री खाल्लं नाही, ताटली उचलली. सकाळी नाही, परत उचलली. दुपारी ते फरशीवर आडवं पडलेलं, पाय थरथरत होते, हिरड्या पांढऱ्या. हिरडीला मध चोळत रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, इतक्या लहान जातीच्या पिल्लाच्या अंगात साठाच नसतो, काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरते. वाचलं, नशीब. पश्मीला चालेल ते सगळ्यांना चालत नाही. आजही ते दृश्य आठवलं की हातपाय गार पडतात.

मांजराकाठ

मावशी, बरोबर आहे तुमचं. माझं म्हणणं मोठ्या जातीच्या, खेळत्या-उड्या मारत्या पिल्लापुरतंच धरा. हे आधीच लिहायला पाहिजे होतं.

माळकरी घर (पैठण)

आमच्या घरात चार पिढ्यांची माळ आहे. अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. नातवाने रस्त्यावरचं पिल्लू उचलून आणलं, जीव लागला, आता ते आमचंच आहे. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? दर वेळी अंडं न् कोंबडीच सांगता.

जुना वाचक

काका, कुत्र्याचं शाकाहारावर भागू शकतं; मांजराचं नाही. पण ते नीट जुळवावं लागतं, नुसत्या दहीभाताने नाही. शाकाहारी तयार खाद्य मिळतं, पण पिशवीवर ‘वाढत्या पिल्लांसाठी संपूर्ण आहार’ असं लिहिलंय का ते आधी बघा. वरून घरचं पनीर, दही, मऊ शिजवलेले सोयाबीनचे वडे. कच्चं सोयाबीन नको, ते नीट शिजल्याशिवाय त्यातली प्रथिनं पचत नाहीत. आणि तुमच्या घरातली येसराची आमटी, वेळ अमावस्येची लसूण घातलेली अंबिल, कांद्याची आमटी चुकूनही देऊ नका. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुके आणि चॉकलेटही नको.

सोनपेठचा शेतमजूर

पिशवी पिशवी करताय सगळे. आमच्या गावात पिशवी मिळत नाही, सुटं मिळतं. दुकानात पोतं उघडं, वरून पत्रा, एप्रिल-मेचं ४२ अंश ऊन. मागच्या वर्षी किलोभर आणलं, तर खवट तेलासारखा वास मारत होतं. पिल्लाने तोंड फिरवलं. घरचे म्हणाले नखरे करतंय. मी एक दाणा दातात धरून बघितला, आणि पिल्लू शहाणं निघालं. मी परत भाकरीवर आलो, पण खाटकाकडून फुकट मिळणारी कोंबडीची काळजं न् पोट्या उकडून मिसळतो. पिल्लू टुणटुणीत आहे. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्या पिल्लाचंही कोणीतरी लिहा.

शिकाऊ (परभणी)

मी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. शेतमजूर दादा, तुमचा मार्ग चांगला आहे. फक्त काळीज रोज आणि फार नको, त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. आणि मांसातही कॅल्शियम नगण्यच, तेव्हा अंड्याचं टरफल भाजून, वस्त्रगाळ पूड करून चिमूटभर घाला. नेमकं माप वजन करून तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात विचारा. शिजवलेली हाडं मात्र कधीच नाही, त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात.

मांजराकाठ दादा, तुमची एक गोष्ट मला चुकीची वाटते आणि ती महत्त्वाची आहे. पिल्लांच्या तयार खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. त्यावर औषध देऊ नका. मोठ्या जातीच्या पिल्लांत जास्तीच्या कॅल्शियमनेही हाडांची वाढ बिघडते.

अजून एक, तुम्ही सगळे ‘खात नाही’ यावर भांडताय, पण का खात नाही हे कोणी विचारत नाही. पोट नगाऱ्यासारखं आणि फासळ्या वर, तर जंत बघा. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडतात, हिरड्या दुखतात, तेव्हा मऊ द्या. उन्हाळ्यात भूक मंदावते, पहाटे आणि रात्री वाढा. अंगावर गोचीड असून ताप असेल तर रक्त तपासा. आणि काल खेळणारं पिल्लू आज कोपऱ्यात बसून उलट्या करतंय, रक्ताची घाण वासाची हगवण आहे, तर पार्वो हा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो. तिथे खाद्य बदलून बघत एक दिवसही घालवू नका. आमच्याकडे येणारी कितीतरी पिल्लं दोन दिवस ‘नखरे करतंय’ म्हणून घरीच ठेवलेली असतात. लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे डोस लागतात. पहिला दिला की झालं, असं नाही.

आणि पश्मी सडपातळच असतं. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसल्या म्हणून कोंबून भरवू नका.

मांजराकाठ

कॅल्शियमची बाटली आजच बंद केली. दुकानदाराने ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून दिली होती, मीही विचारलं नाही. फासळ्यांचंही खरंय. आई रोज त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवून रडवेली व्हायची. तिला तुमचा निरोप वाचून दाखवला.

आखाड्यावरचा

आमची कुत्री गेल्या पंधरवड्यात व्याली. पाच पिल्लं आहेत, अजून आईलाच पितात. महिनाभराची झाली की भाकरच देणार, ते मी सोडणार नाही. पण ही पोरं रानात जाऊन उंदीर धरेपर्यंत निदान तीन-चार महिने लागतील, हे तुमचं वार-भाकरीचं वाचल्यावर ध्यानात आलं. त्या मधल्या दिवसांचा मी कधी विचारच केला नव्हता. काल त्यांच्या आईलाच ताक-भाकरीत एक उकडलेलं अंडं कुस्करून दिलं. तिने अंडं वेचून खाल्लं, भाकर ठेवली. तुमच्यासारखी ताटली उचलली. दिवस मावळताना तीच परत ठेवली, तेव्हा सगळी खाल्ली.