नवा फायबरचा डबा बसवल्यापासून शिलाई मशीनवरचा स्मार्ट बल्ब वायफाय धरत नाही

मोरपंखी (कराड)

नमस्कार मंडळी. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मशीनच्या वर एक वायफायवाला बल्ब आहे, ९ वॅटचा, पिनच्या होल्डरचा. दिवाळीत पुतण्याने बसवून दिला. लाल-हिरवे रंग नाचवायला नाही हो, पांढऱ्यातल्या छटा बदलायला. रीळ जुळवताना मी तो ६५०० केल्व्हिनवर (निळसर पांढरा) ठेवते, आणि गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला आलं की २७०० वर (पिवळा) आणते. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे दिवे पिवळे असतात आणि दुकानातल्या ट्यूबखाली जुळलेलं अस्तर तिथे भलतंच दिसतं. चिंतामणी रंगाचं तर विचारू नका. म्हणून दोन्ही उजेडांत आधीच दाखवून टाकते, मग नंतर कटकट नाही.

आता झालंय असं की केबलचं नेट बंद करून फायबर घेतलं. माणूस आला, नवा डबा भिंतीला ठोकला, जुना राउटर कपाटावर ठेवला, माझ्या मोबाइलवर व्हिडिओ चालतोय एवढं दाखवलं आणि गेला. तेव्हापासून बल्ब ॲपमध्ये ऑफलाइन. भिंतीवरचं बटण दाबलं की लागतो, पण शेवटच्या छटेत, म्हणजे पिवळा. त्या उजेडात काळं रीळ कुठलं आणि नेव्ही ब्ल्यू कुठलं हे खिडकीशी जाऊन बघावं लागतंय. लग्नाचे दिवस आहेत, कामं रात्रीच होतात.

ॲप सांगतं तसं बटण भराभर चालू-बंद केलं की बल्ब फडफडायला लागतो. नव्या वायफायचं नाव, पासवर्ड घालते, ते गोल चक्र फिरत राहतं आणि शेवटी ‘जोडता आले नाही’. पासवर्ड बरोबर आहे, त्याच पासवर्डवर टीव्ही चालतोय. एक फरक दिसला तो सांगते. जुन्या वायफायची दोन नावं दिसायची, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं. नव्याचं एकच दिसतं.

जिन्यातला आणि गॅलरीतला बल्बही याच जातीचा आहे, तेही ऑफलाइन आहेत, पण त्यांना अजून हात लावलेला नाही. पुतण्या जर्मनीत असतो. आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, तो उठेपर्यंत माझा अर्धा दिवस झालेला असतो. बल्ब गेलाय की डब्यात काही आहे? सेटिंगची नावं इंग्रजीत असली तरी चालतील, वाचता येतात मला.

सरळसोट

ताई, एवढा खटाटोप कशाला? दोन होल्डर, दोन साधे एलईडी, एक पिवळा, एक पांढरा. दोन बटणं. वायफायचा संबंधच नाही.

मोरपंखी (कराड)

भाऊ, खोली भाड्याची आहे. मालक खिळा ठोकला तरी वर येऊन बघतात, ते दुसरा पॉइंट काढू देतील होय? आणि मला मधली ४००० ची छटाही लागते. बऱ्याच बायका ऑफिसला नेसायच्या साड्या आणतात, तिथला उजेड ना पिवळा ना निळा.

शेड मॅचर (इचलकरंजी)

बल्बचं मला कळत नाही, पण ताई जे करतायत ते आमच्या प्रोसेस हाउसमध्ये पेटीत करतात. रंग जुळवायची पेटी असते, आत तीन-चार तऱ्हेचे दिवे. डी६५ म्हणजे दिवसाचा उजेड, ६५०० केल्व्हिन. टीएल८४ म्हणजे दुकानातली ट्यूब, ४००० च्या आसपास. आणि ‘ए’ म्हणजे जुना तारेचा पिवळा बल्ब, २८५६. एका दिव्यात जुळलेले दोन कपडे दुसऱ्यात फुटतात, म्हणजे वेगळे दिसतात, कारण दोन्हीकडचे डाय वेगळे. पिवळ्या उजेडात निळा भाग फार कमी असतो, म्हणून नेव्ही काळा दिसतो आणि जांभळ्यातला लाल तेवढा वर येतो. ताईंचा बल्ब चालू झालाच पाहिजे, सरळसोट भाऊंनी उगाच चहात माशी टाकू नये.

जाता जाता: पुढचा बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय बघा, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा. बहुतेकांचा ८० असतो. ९० चा मिळाला तर लाल आणि डाळिंबी रंग जास्त खरे दिसतील.

सोल्डरगन (नाशिक)

ताई, बल्ब ठणठणीत आहे. बटण मारल्यावर फडफडतो म्हणजे आतली चिप जिवंत आहे आणि नव्या जोडणीची वाट बघतेय. अडचण डब्यात आहे, आणि तुम्ही दिलेल्या ‘एकच नाव दिसतं’ या माहितीतच ती सापडते.

या स्वस्त बल्बांतली वायफायची चिप फक्त २.४ गीगाहर्ट्झवर बोलते. ५ गीगाहर्ट्झ तिला ऐकूच येत नाही. तुमच्या जुन्या राउटरवर दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं होती. नव्या डब्याने दोन्ही एकाच नावाखाली घातल्या आहेत आणि कोणाला कुठे बसवायचं ते तोच ठरवतो. डब्याच्या सेटिंगमध्ये याला ‘बँड स्टिअरिंग’ किंवा ‘स्मार्ट कनेक्ट’ म्हणतात. मोबाइल जवळ असला की तो ५ वर बसतो.

मग बिघडतं कुठे, तर जोडणीच्या पद्धतीत. बल्ब भराभर फडफडत असताना त्याला तुमचा पासवर्ड माहीत नसतो, त्यामुळे वायफायवरचा मजकूर त्याला वाचता येत नाही. पण हवेतून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची (माहितीच्या छोट्या तुकड्याची) लांबी त्याला कळते, कारण कुलूप मजकुराला असतं, लांबीला नसतं. याचा फायदा घेऊन मोबाइलवरचं ॲप ठरावीक लांबीची पॅकेट एकामागून एक सोडतं आणि त्या लांब्यांतून नाव व पासवर्ड बल्बला कळवतं. बल्ब एकेक चॅनल लावून ऐकत बसतो. मला ही युक्ती अजूनही फार आवडते. पण मोबाइल ५ वर बसून बोलत असेल आणि बल्ब २.४ वर कान लावून असेल, तर गाठ पडणार कशी? राउटर ती पॅकेट २.४ वरही सोडतो, पण नवे डबे ज्या वेगवान पद्धतीने सोडतात ती जुन्या चिपला बऱ्याचदा उमगत नाही.

मोबाइल डब्याच्या वायफायवर ठेवून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. पान उघडेल. नाही उघडलं तर डब्याखालचं स्टिकर बघा, खरा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड तिथेच छापलेला असतो. आत ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’मध्ये जाऊन बँड स्टिअरिंग बंद करा, दोन पट्ट्यांना वेगळी नावं द्या. आणि तिथेच सिक्युरिटी बघून घ्या. डब्ल्यूपीए३ (वायफायच्या कुलपाची नवी पद्धत) असेल तर २.४ साठी डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस करा. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये, पण बरेच स्वस्त बल्ब त्यानंतर बनूनही ते बोलत नाहीत. काही तर ‘२ आणि ३ दोन्ही’ या मिश्र पर्यायावरही अडखळतात. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, आणि मोड ‘फक्त एएक्स’ (वायफायची नवी पिढी) असेल तर बी/जी/एन (जुन्या पिढ्या) सकटचा मिश्र निवडा.

मोबाइलवर लोकेशन चालू ठेवा. त्याशिवाय अँड्रॉइड ॲपला वायफायचं नाव वाचू देत नाही. व्हीपीएन असेल तर बंद.

एवढं करूनही भराभर फडफडीत जमलं नाही तर बल्बला दुसऱ्या पद्धतीवर न्या. फडफडत असतानाच पुन्हा तसंच चालू-बंद केलं की बहुतेक बल्ब सावकाश मिचमिचायला लागतात. आता बल्ब स्वतःचंच छोटं वायफाय सोडतो. ॲप सांगेल तेव्हा मोबाइल त्याला जोडायचा. मोबाइल लगेच कुरकुर करेल की या वायफायवर इंटरनेट नाही, सोडू का? ‘जोडलेलं राहू दे’ म्हणा, आणि तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर मोबाइल गुपचूप डेटावर उडी मारतो आणि ॲप बल्बला शोधत बसतं.

कपाटावरचा राउटर (सांगली)

नाशिककरांनी सांगितलं ते मशीनवरच्या बल्बसाठी. जिन्यातल्या आणि गॅलरीतल्या बल्बांना अजिबात रीसेट करू नका. ते अजूनही जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड मनात धरून बसलेत. राउटर कुठल्या कंपनीचा, नेट केबलचं की फायबरचं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. नाव तेच, पासवर्ड तोच आणि सिक्युरिटी जुन्यासारखी दिसली की ते आपोआप जोडले जातात. स्टुलावर चढायचं कामच नाही.

डब्यात ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. ते फक्त २.४ वर चालू करा आणि त्याला तुमच्या जुन्या वायफायचं नाव द्या. ५जी वालं नव्हे, साधं. अक्षर न अक्षर तेच हवं, कॅपिटल-स्मॉल आणि मधली मोकळी जागासुद्धा. पासवर्ड जुनाच, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२. असं केलं तर घरच्या मुख्य वायफायला हातही लावावा लागत नाही.

जुना पासवर्ड आठवत नसेल तर मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जतन केलेल्या नेटवर्कांची यादी असते. त्यात जुनं नाव उघडून ‘शेअर’ दाबा. क्यूआर येतो आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याखाली पासवर्डही लिहिलेला असतो.

डब्यात काहीच बदलू देत नसतील (काही ठिकाणी पान कुलूपबंदच असतं) तर कपाटावरचा राउटर खाली काढा. त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, नव्या डब्याच्या लॅन पोर्टातून वायर आणून या जुन्या राउटरच्या लॅन पोर्टात घाला. जुनं वायफाय जसंच्या तसं परत. माझ्याकडे असंच चाललंय.

मोरपंखी (कराड)

दोघांचेही आभार. जुना राउटर खाली काढला नाही, कारण तिथल्या एकुलत्या प्लगवर माझी इस्त्री असते आणि इस्त्री हलणार नाही.

डब्याचं पान उघडलं. नाव-पासवर्ड स्टिकरवर होता, इतका बारीक की सुईत दोरा ओवायचं भिंग घेऊन वाचला. गेस्ट नेटवर्क मिळालं, २.४ वर चालू केलं, जुनं नाव दिलं. सिक्युरिटीत खरंच डब्ल्यूपीए३ होतं, २ केलं. सेव्ह दाबल्यावर डबा थोडा वेळ झोपला आणि उठला. आणि काय सांगू, गॅलरीतला बल्ब आपला आपण ऑनलाइन! जिन्यातला दिसेना, मग लक्षात आलं की खालच्यांनी त्याचं बटणच बंद केलंय. ते लावल्यावर तोही आला.

मशीनवरचा मात्र अजून नाही. सावकाश मिचमिचवला, त्याच्या वायफायला मोबाइल जोडला, चक्र पूर्ण फिरलं आणि आता म्हणतोय, ‘हे उपकरण दुसऱ्या खात्यात जोडलेले आहे’. पुढे अर्धामुर्धा मोबाइल नंबर, बाकी फुल्या. शेवटचे आकडे पुतण्याचे आहेत. मी तर पहिल्यापासून माझ्याच मोबाइलवरून छटा बदलत होते!

सोल्डरगन (नाशिक)

म्हणजे वायफायचं काम झालं. हा मालकीचा प्रश्न आहे. पुतण्याने बल्ब स्वतःच्या खात्यात जोडून तुम्हाला नुसता वापरायला दिलेला असणार. नवी जोडणी मालकाच्याच खात्यातून होते. चोरीचा बल्ब कोणी आपल्या नावावर करू नये म्हणून ही सोय आहे.

त्याला सांगा, ॲपमध्ये तो बल्ब उघडून ‘रिमूव्ह डिव्हाइस’ कर. जर्मनीत बसून होतं. त्याने काढला की तुम्ही तुमच्या खात्यात जोडा. पण बाकीचे दोन आत्ता काढायला लावू नका, काढल्यावर तेही रीसेट होतील. त्यांच्यासाठी त्याने तुम्हाला ‘होम’मध्ये ॲडमिन म्हणून घेतलं तरी पुरे.

मोरपंखी (कराड)

झालं. पुतण्याने दुपारी काढला, मी लगेच जोडला. ६५००, ४०००, २७०० अशा तीन छटा तीन बटणांवर बसवल्या आणि त्यांना माझी नावं दिली: ‘रीळ’, ‘ऑफिस’, ‘हॉल’. पुतण्याने ‘कूल डेलाइट’ वगैरे लिहिलं होतं.

एक शंका. आमच्याकडे वळीव आला की लाइट भसाभस जाते-येते. त्या जाण्या-येण्याने बल्ब आपोआप फडफडायला लागून सगळं पुसलं तर?

सोल्डरगन (नाशिक)

होऊ शकतं. बल्बला तुमचा हात आणि वीज यातला फरक कळत नाही, लागोपाठ चालू-बंद झालं की तो रीसेट समजतो. वारा सुटला की भिंतीवरचं बटण बंद करून ठेवा. वीज स्थिर झाल्यावर लावा. आणि लाइट आल्या आल्या ‘ऑफलाइन’ दिसला तर घाईने बटण मारू नका. बल्ब काही सेकंदांत उठतो, डब्याला दोन-तीन मिनिटं लागतात. ॲपमध्ये ‘पॉवर-ऑन’चं सेटिंग असेल तर ते ‘शेवटची स्थिती’वर ठेवा.

शेड मॅचर (इचलकरंजी)

आणि ताई, ‘हॉल’ची छटा दाखवताना खिडकीचा पडदा ओढून घ्या. बाहेरचा उजेड मिसळला की २७०० दाखवून उपयोग नाही.

मोरपंखी (कराड)

पडदा आहे की. गिऱ्हाइकाच्याच उरलेल्या अस्तराचा. गेस्टचा पासवर्ड मात्र बदलणार नाही आता, कुणी पाहुण्याने मागितला तर मुख्य वायफायचा देईन.