किरणोपचारानंतर काही वर्षांनी स्तन कडक होणे

प्रश्न : आईच्या डाव्या स्तनातील कर्करोगाची गाठ २०१८ साली काढली आणि नंतर किरणोपचार झाले. तेव्हा काळवंडलेली त्वचा लवकरच निवळली. गेल्या काही महिन्यांपासून मात्र तो भाग कडक झाला आहे, त्यावर बारीक लाल शिरा दिसतात आणि वेणी घालायला हात वर नेला की काख ओढते. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, असे नातेवाईक सुचवतात. इतक्या उशिरा किरणोपचारांचा त्रास होऊ शकतो का, की आजार उलटला असेल?

उत्तर (रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट) : होऊ शकतो. किरणांनी सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते, रक्तपुरवठा हळूहळू घटतो आणि ऊतींमध्ये कोलाजेन (तंतुमय प्रथिन) साचत राहते. म्हणून हा कडकपणा, म्हणजे फायब्रोसिस, उपचारानंतर अनेक महिन्यांनी किंवा वर्षांनीही जाणवतो. तरीही वय झाले म्हणून सोडून देऊ नका. नवी गाठ किंवा जांभळट, मार लागल्यासारखे डाग असतील, तर आजार परतला आहे का आणि किरणोपचारांनंतर क्वचित होणारा अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांचा कर्करोग) आहे का, हे आधी तपासावे लागते. प्रसंगी बायोप्सीही (ऊतीचा तुकडा काढून तपासणे) करावी लागते. शेक अजिबात देऊ नका, कारण त्या त्वचेची संवेदना कमी झालेली असल्यास भाजलेले कळत नाही. पेंटॉक्सिफायलिन (रक्तप्रवाह सुधारणारे औषध) आणि ई जीवनसत्त्व एकत्र देऊन काहींना उतार पडतो, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. डावी बाजू असल्याने रक्तदाब व कोलेस्टेरॉलही तपासून घ्या. हृदयावर पडलेल्या किरणांमुळे हृदयविकाराचा धोका पुढे अनेक वर्षे राहतो.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट) : वरील तपासण्या झाल्यावर खांद्याचे व्यायाम सुरू करावेत. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढत जाणे, काख ताणली जाईल पण दुखणार नाही इतपतच, हे रोज थोडे थोडे केलेले उत्तम. जोरात चोळणे टाळावे.

उत्तर (एक रुग्ण) : माझा त्रास बोटांना मुंग्या येण्यापासून सुरू झाला आणि नंतर कपबशी धरवेना. काखेजवळून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला किरणोपचारांमुळे इजा झाली होती. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात अशाच त्रासाने हात निकामी झालेल्या स्त्रियांनी 'रेज' नावाचा गट उभारून दाद मागितली होती, आणि त्यांच्या चिकाटीबद्दल मला फार आदर वाटतो. आईंच्या हातात बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवला, तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवायला उशीर करू नका आणि किरणांची किती मात्रा कुठे दिली होती, याची मूळ कागदपत्रे सोबत न्या.