बारा वर्षांच्या बोक्याला मधुमेह निघालाय. इन्सुलिन, शुगर मीटर, खाणं याबद्दल सल्ला हवा (पुणे)

मुक्ता_कर्वेनगर
नमस्कार मंडळी. आमचा बंडू, पिवळा बोका, वय पूर्ण १२. गणपतीनंतर पाणी फार प्यायला लागला. ऑक्टोबरचा उकाडा असेल म्हणून सोडून दिलं. मग एका सकाळी बाल्कनीतल्या त्याच्या शी-शूच्या ट्रेला मुंग्या लागलेल्या दिसल्या. सासूबाई (वय ७३, स्वतः १८ वर्षं मधुमेही) लगेच म्हणाल्या, "अगं, याला साखर झालीय, माझ्यासारखी." मला पटलं नाही. पण वजन केलं तर ६.९ किलोचा बोका ५.३ वर आलेला, आणि खाणं तर दुप्पट.

डॉक्टरांकडे रक्तात ४१८ आली, लघवीत साखर, कीटोन (इन्सुलिन फार कमी पडलं की शरीरात साठणारे घातक पदार्थ) नाहीत. मांजर दवाखान्यात घाबरलं तरी साखर चढते, म्हणून फ्रुक्टोसामीनही केलं, म्हणजे मागच्या काही दिवसांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी. तेही वाढलेलं. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन सुरू करायचंय, १ युनिट, दिवसातून दोनदा, १२ तासांच्या अंतराने.

आता अडचणी. घरी साखर कशी मोजायची? त्याचं ड्राय फूड बंद करून काय देऊ? आणि सगळ्यात मोठी म्हणजे मी चाकणला नोकरीला आहे. सकाळी पावणेआठला निघते, परत यायला कधी साडेसात, कधी साडेनऊ. संध्याकाळचं इंजेक्शन कोण देणार? यजमान महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असतात.

बजेट महिना ३००० रुपये, डॉक्टरांची फी सोडून. कृपया त्यातच सुचवा.

राणीची_आई
ताई, अजिबात घाबरू नका. आमची राणी ११ वर्षांची असताना निघाला, चार महिन्यांत इन्सुलिन बंद! आता दीड वर्ष झालं, साखर नॉर्मल. डॉक्टर स्वतः म्हणाले की मालकिणीने एवढी मेहनत घेतलेली त्यांनी पाहिली नाही. फक्त वेट फूड, तेही इम्पोर्टेड टिन. महिन्याला सात-आठ हजार जातात, पण जिवापुढे पैसा काय.

आनंद_वारजे
सेन्सर लावा, दुसरं काही बघू नका. माणसांचा १४ दिवसांचा सेन्सर मांजराला चालतो. पाठीवर थोडे केस काढून डॉक्टर लावून देतात, मोबाइल जवळ धरला की आकडा दिसतो. एकाला साधारण पाच हजार. आमच्या शेरूने पहिला तिसऱ्या दिवशी ओढून काढला, दुसरा नऊ दिवस टिकला. तरी सांगतो, सेन्सरच.

मुक्ता_कर्वेनगर
आनंददादा, १४ दिवसांचे पाच हजार म्हणजे माझं बजेट तिथेच संपलं. कान टोचून मोजतं का कुणी?

पेठेतला_जुना
आमच्या वाड्यात एका वेळी सात-सात मांजरं असायची. दूध-पोळीवर वाढली, एकालाही साखर नव्हती. ही सगळी पाकिटातल्या खाण्याची आणि खच्चीकरणाची देणगी. सकाळी चमचाभर कारल्याचा रस आणि मेथीचं पाणी द्या. इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही.

श्रुती_औंध
काका, आदर ठेवून सांगते, कारल्याचा रस देऊ नका. वाड्यातली मांजरं दूध-पोळीच्या जोडीला दिवसभर उंदीर, पाली, चिमण्या खात होती. त्यांच्या लघवीची तपासणी कुणी केली होती? मांजराच्या लाळेत पिठूळ पदार्थ पचवणारं अमायलेजच नसतं. तिचं शरीर मांसावर चालतं. पोळी आणि ड्राय फूड दोन्हींत पिष्ट भरपूर. आणि "सुटत नाही" हे माणसांबद्दलही सरसकट खरं नाही. मांजरांत पहिल्या काही महिन्यांत साखर नीट ताब्यात आली तर बऱ्याच जणांचं इन्सुलिन सुटतं.

खच्चीकरण केलेल्या बोक्यांना जास्त होतो हे खरं. पण ते वजन वाढल्यामुळे. म्हणून काय सगळे बोके तसेच सोडायचे?

पेठेतला_जुना
मी पाहिलेलं सांगितलं. तुम्ही पुस्तकातलं सांगा.

राणीची_आई
श्रुतीशी सहमत. वेट फूड, वेट फूड, वेट फूड.

निलांबरी
मुक्ता, बंडूला मधे कधी खाजेसाठी किंवा तोंड आलं म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का? आमच्या मनीला एका दवाखान्यात दर दीड महिन्याला देत होते. काय देताय हे विचारलं तर "अँटी-ॲलर्जी" एवढंच उत्तर. नंतर साखर ४६० निघाली. मी आजही त्या बाकावर बसलेली स्वतःला बघते आणि वाटतं, फाइल मागून घ्यायला हवी होती. तू जुनी फाइल काढ आणि आताच्या डॉक्टरांना दाखव. दातही बघायला सांग. हिरड्यांत पू असेल तर इन्सुलिन नीट लागू पडत नाही.

मुक्ता_कर्वेनगर
निलांबरी, फाइल काढली. ऑगस्टमध्ये कानाच्या खाजेसाठी दोन इंजेक्शनं होती, नाव वाचता येत नाही. उद्या दाखवते. हे मला सुचलंच नसतं.

एक विचारायचं राहिलं. घरी सासूबाईंच्या इन्सुलिनच्या सिरिंजचा अख्खा डबा पडलाय. त्याच वापरल्या तर चालतील ना? तेवढीच बचत.

प्रवासी_पक्षी
चालतील, सुई बारीक असली म्हणजे झालं. आमचा भाचा टेक्सासला असतो, तिथे तर मांजराच्या मधुमेहावर गोळी निघालीय. इंजेक्शनची भानगडच नाही.

औषधवाले_काका
थांबा! टोपणाचा रंग कोणता आहे? लाल असेल तर अजिबात वापरू नका.

तीस वर्षं काउंटरवर उभा आहे, म्हणून सांगतो. आपल्याकडे माणसांच्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिट प्रति मिली असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिन १०० युनिट प्रति मिली असतं, त्याला केशरी टोपणाची सिरिंज लागते. लाल सिरिंजने ग्लार्जिन "१ युनिट" भरलंत तर प्रत्यक्षात अडीच युनिट जाईल. पाच किलोच्या बोक्याला अडीचपट डोस! माणसांतही या चुकीने लोक बेशुद्ध पडलेले पाहिलेत.

१०० ची, ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज मागा. दुकानात नसेल तर मागवून देतात.

बचतच करायची तर इथे करा. १० मिलीची बाटली घेऊ नका. तिच्यात १००० युनिट, तुम्हाला महिन्याला लागणार ६०. ३ मिलीचं एक कार्ट्रिज (इन्सुलिन पेनमध्ये बसणारी छोटी नळी) घ्या, ३०० युनिटचं, आणि रबरातून सिरिंजने ओढा. आत हवा सोडू नका. हलवू नका, दुसऱ्या कशात मिसळू नका.

मुक्ता_कर्वेनगर
लाल आहे. काका, हात गार पडले वाचून. उद्या सकाळी पहिलं इंजेक्शन देणार होते.

आनंद_वारजे
मग पेनच घ्या. डायल फिरवायची, १ आकडा आणायचा, सिरिंजचा घोळच नको.

औषधवाले_काका
साध्या पेनला अर्धा युनिट नसतो. उद्या डॉक्टरांनी दीड सांगितलं तर अडाल. शिवाय दर वेळी सुईतून आधी २ युनिट वाया घालवून बघायचं असतं.

श्रुती_औंध
प्रवासी_पक्षी, ती गोळी अमेरिकेत २०२२ मध्ये आणि तसंच एक पातळ औषध २०२३ मध्ये मंजूर झालं, पण ही औषधं आधी इन्सुलिन न घेतलेल्या, बाकी धडधाकट मांजरांसाठीच आहेत. ती घेताना साखर नॉर्मल दिसत असतानाही कीटोन वाढून जिवावर बेतू शकतं. तो निर्णय डॉक्टरांचा. घरातल्या माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या तर कुणीच देऊ नका.

गायत्री_सिंहगडरस्ता
राणीच्या आईंनी तीनदा वेट फूड लिहिलं, पण ते कसं बदलायचं हे लिहिलं नाही. माझ्यावर बेतलेलं सांगते.

आमचा गोट्या २ युनिटवर होता. असंच वाचून मी दोन दिवसांत ड्राय फूड बंद करून वेट सुरू केलं. डॉक्टरांना कळवलं नाही, डोस तोच ठेवला. चौथ्या रात्री अडीचला ओट्यावरून धप्प आवाज आला. जाऊन बघते तर गोट्या फ्रीजला अंग टेकून उभा, पाय फाकलेले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. हाक मारली तर भलतीकडे बघतो. मीटरवर ४१. बोटाला मध लावून हिरड्यांना चोळला. तोंडात ओतायचा नाही, ठसका लागून फुप्फुसात जातो. पुन्हा चोळला. दहा मिनिटांनी त्याने माझं बोट चाटलं तेव्हा मी रडायला लागले. थोडं खायला घातलं आणि तशाच अंगावरच्या गाऊनवर शाल घेऊन रिक्षाने दवाखाना गाठला.

खाण्यातली साखर कमी झाली की इन्सुलिनही कमी लागतं. म्हणून खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल, डॉक्टरांना सांगून, आणि त्या दिवसांत रोज मोज. बोक्याने खाल्लं नाही तर ठरलेला डोस आपल्या मनाने देऊ नकोस, फोन कर. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही. आणि लठ्ठ आहे म्हणून उपाशी ठेवू नकोस, मांजराचं लिव्हर बसतं त्याने.

मीटर म्हणशील तर मी माणसांचाच वापरते. मांजराची साखर तो थोडी कमी दाखवतो, हे लक्षात ठेवायचं. जुन्या मोज्यात तांदूळ भरून गरम करायचा, आपल्या मनगटाला लावून बघायचा, मग मिनिटभर कानाला. कानाच्या कडेला केसासारखी शीर दिसते, तिच्या शेजारी टोचायचं. पाठीमागे कापूस धरायचा, नाहीतर आपलंच बोट टोचलं जातं.

राणीची_आई
मी हळूहळूच बदललं होतं, लिहायचं राहिलं. आणि गुरुवारी लाइट जाते म्हणून आम्ही इन्सुलिनसाठी इन्व्हर्टर घेतला. तोही घ्या.

औषधवाले_काका
बंद फ्रीजमध्ये तीन-चार तासांत काही होत नाही. इन्व्हर्टर नको. गोठलं तर मात्र फेकून द्यायचं, म्हणून बर्फाच्या कप्प्याजवळ आणि मागच्या भिंतीला लावून ठेवू नका.

निलांबरी
खाण्याचं स्वस्तातलं: उकडलेलं चिकन आणि वेट पाउच अर्धं-अर्धं. पाउच ग्रेव्हीचं घेऊ नकोस, ग्रेव्ही दाट करायला पिष्ट घालतात. लगदा असतो ते घे. कांदा-लसूण अजिबात नाही. नुसत्या चिकनवर ठेवू नकोस, टॉरीन आणि कॅल्शियम कमी पडतं.

संध्याकाळच्या इंजेक्शनला माणूस लाव. कंपाउंडर घरी येऊन देतात.

आनंद_वारजे
कंपाउंडर लावाच. किंवा घरून काम मागा.

श्रुती_औंध
माणूस लाव, किंवा शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला शिकव. सासूबाईंवर टाकू नकोस. वय ७३, आणि एका घरात दोन प्रकारचं इन्सुलिन. मला तरी भीती वाटते.

गायत्री_सिंहगडरस्ता
+१. सासूबाई नकोत.

औषधवाले_काका
माझंही मत तेच. दोन सिरिंज एका घरात असल्या की चूक कधी ना कधी होते.

मुक्ता_कर्वेनगर
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

ऑगस्टमधलं ते स्टेरॉइडच होतं. डॉक्टर म्हणाले, त्याचा असर ओसरला की डोस कमी होईल अशी आशा ठेवायला हरकत नाही. एक दात काढावा लागेल, साखर थोडी खाली आल्यावर.

कंपाउंडरला विचारलं. एका खेपेचे ३०० म्हणजे महिन्याचे नऊ हजार. शिवाय दोन दिवस येऊन बघितलं त्यांनी, पण अनोळखी माणूस दिसला की बंडू कपाटावर चढतो आणि खाली येत नाही.

तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलंत, तरी संध्याकाळचं इंजेक्शन सासूबाईच देतात. त्यांनीच विषय काढला. "अठरा वर्षं स्वतःच्या पोटात सुई खुपसतेय, याच्या मानेत खुपसायला कुणाला शिकवताय?" मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लांबचं छान दिसतं, जवळच्या रेघांना भिंग लागतं. काकांचं म्हणणं त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यावर त्यांनी स्वतःची व्यवस्था लावली. बंडूचं कार्ट्रिज सासऱ्यांच्या जुन्या चष्म्याच्या घरात, वर काळा दोरा गुंडाळलेला, फ्रीजच्या दारात. त्यांची बाटली आत, भाजीच्या वरच्या कप्प्यात. केशरी सिरिंज ओट्याजवळच्या पितळी डब्यात, लाल सिरिंज त्यांच्या खोलीतल्या कपाटात. लाल टोपणाचं काही स्वयंपाकघरात आणायचं नाही, हा त्यांचा नियम. पहिले आठ दिवस भरलेली सिरिंज मला व्हिडिओ कॉलवर दाखवून मगच टोचत होत्या. मी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बसमधून रेघ मोजत होते. आता साडेसातला नुसता "दिलं" असा मेसेज येतो, आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत "ब" लिहितात.

सेन्सर घेतला नाही. सासूबाईंचाच मीटर, सुई त्याची वेगळी. गायत्री, तांदळाचा मोजा फार कामाला आला. काल सकाळी २३६, संध्याकाळी १९०. ड्राय फूड अजून पाव भाग शिल्लक आहे, डॉक्टरांना विचारूनच कमी करतेय. खर्च पहिल्या महिन्यात ३४०० झाला, पुढे सिरिंज आणि पट्ट्याच लागतील.

मुंग्या गेल्या. बंडू मागच्या पायांनी घोटे टेकवून चालायला लागला होता, ते लिहायचं राहिलं होतं. अजून तसाच चालतो, पण परवा खुर्चीवर उडी मारली.

निलांबरी
पायांचं हळूहळू सुधारतं, आमच्या मनीला तीन-चार महिने लागले. दाताचं पुढे ढकलू नकोस.

राणीची_आई
छान. पण टिन एकदा तरी देऊन बघा.

औषधवाले_काका
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. कार्ट्रिजवर उघडल्याची तारीख लिहिलीत का?

मुक्ता_कर्वेनगर
चष्म्याच्या घराच्या आत चिकटपट्टी लावून लिहिलीय काका, त्यांच्या अक्षरात.