शब्दचर्चा: मनगटावरचं ‘कलम’, ‘फ्लॅप’ आणि तुटलेली ‘नस’

भोसरीकर:
धाकट्या मेव्हण्याचं मनगट वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर गेलं. तळव्याकडच्या बाजूची कातडी गेली, मीडियन नर्व्हचा (मनगटातून बोटांकडे जाणाऱ्या एका मोठ्या नर्व्हचा) एक तुकडा गेला, बोटं वाकवणाऱ्या काही दोऱ्याही गेल्या. डॉक्टरांनी मांडीची कातडी, तिच्याखालचा चिवट पडदा आणि तिथलीच एक नर्व्ह मनगटावर आणून बसवली. फाइलवर ‘फ्री एएलटी फ्लॅप’ आणि ‘नर्व्ह ग्राफ्ट’ असं लिहिलंय. सासूबाईंना सांगितलं, कलम केलंय. त्यांचं माहेर उरुळी कांचनकडचं, घरची रोपवाटिका. लगेच विचारलं, “कोणतं कलम?” ग्राफ्ट म्हणजे कलम धरलं तर फ्लॅपला काय म्हणायचं? आणि नर्व्हला नस म्हणू की शीर?

नारायणपेठी:
त्वचारोपण. पेपरात हाच शब्द असतो. विषय संपला.

ओटीतला:
विषय संपत नाही. त्वचारोपण म्हणजे कातडीचा पातळ पापुद्रा काढून जखमेवर पसरणं. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, खालच्या जागेतून रक्त मिळालं तरच तो धरतो. उघड्या पडलेल्या नर्व्हवर किंवा आवरण गेलेल्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, तो टिकत नाही. म्हणून फ्लॅप. त्यात कातडी, चरबी, पडदा हे सगळं आपली धमनी आणि शिरा घेऊन येतं.

एएलटी म्हणजे मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग. हा फ्लॅप 1984 साली चिनी शल्यचिकित्सकांनी मांडला. मांडीतली रक्तवाहिनी कापायची आणि मनगटाजवळच्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवायची. मनगटाची धमनीच तुटली असेल तर फ्लॅपची वाहिनी दोन टोकांमधला पूलही होते. पडद्याच्या पट्ट्यांनी कंडरांमधली तूट भरता येते. शिवाय त्या भागाला संवेदना देणारी नर्व्ह सोबत घेता येते, म्हणजे एकाच जागेतून चारही गोष्टी मिळतात. किंमत एवढीच की मांडीचा बाहेरचा थोडा भाग बधिर राहतो, आणि फ्लॅप फार रुंद घेतला तर मांडीची जखम सरळ शिवता येत नाही, तिथे मात्र त्वचारोपण लागतं. नारायणपेठींचा शब्द तिथे चालेल.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आम्ही मराठीच बोलतो, पण ‘फ्लॅप उचलला’, ‘फ्लॅप लागला’, ‘फ्लॅप काळा पडला’ असंच. ‘झडप’ म्हणावं तर ती हृदयाने आधीच घेतलीय.

माळीबुवा:
सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. कोय कलमात काडी झाडापासून तोडून आणतात. भेट कलमात खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बसवायचं त्या रोपाची, कुंडी आंब्याच्या फांदीपाशी नेतात, दोघांची साल तासून बांधतात आणि सांधा जुळेपर्यंत फांदी मूळ झाडावरच ठेवतात. मग खालून कापतात. असं काही माणसात करतात का?

ओटीतला:
करतात! जांघेतली कातडी एका बाजूने जोडलेलीच ठेवून हातावर शिवतात. हात साधारण तीन आठवडे जांघेला चिकटलेला, मग देठ कापायचा. हा जांघेचा फ्लॅप 1972 पासून प्रचलित आहे आणि आजही वापरतात. त्याला भेट कलम म्हणा, माझी हरकत नाही. मेव्हण्याचं मात्र भेट कलम नाही. त्याचा देठ तोडून दुसरीकडे जोडलाय.

संस्कृतवाली:
फ्लॅपला जुना शब्द आहे. कानाची पाळी नसेल तर गालाचं मांस घेऊन ती करावी असं सुश्रुतसंहितेत सांगितलंय, आणि त्या मांसाला विशेषणं आहेत ‘सानुबन्धेन जीवता’, म्हणजे जोडलेलं आणि जिवंत. ओटीतल्यांची अख्खी व्याख्या दोन शब्दांत! ‘सानुबंध त्वचा’ घ्यायला काय हरकत आहे?

आणि पुणेकरांनी हे विसरू नये की टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचं नाक पुण्याजवळच मिळालं. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याचं चित्रासह वर्णन छापून आलं. हाताचं मात्र तेव्हा कोणी काही करू शकलं नाही.

नारायणपेठी:
‘सानुबंध’ सासूबाईंना सांगून बघा. विवाह मंडळाचं नाव वाटेल.

ओटीतला:
माझा आक्षेप ‘कलम’वर वेगळाच आहे. झाडात वाढते ती आणून लावलेली काडी, खुंट फक्त पोसतो. नर्व्हच्या ग्राफ्टमध्ये नेमकं उलटं. आणलेल्या तुकड्यातले तंतू मरून जातात, उरतात त्यांच्या रिकाम्या नळ्या. मनगटाच्या वरच्या टोकातून, म्हणजे खुंटातून, नवे तंतू फुटतात आणि त्या नळ्यांमधून बोटांकडे सरकतात, दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे किती महिने लागतील ते कळेल. ‘कलम लागलं’ ऐकून घरचे आठ दिवसांत बोटं हलायची वाट बघतात. मी तरी ‘नर्व्हला जोड दिली’ एवढंच म्हणतो.

भोसरीकर:
जोड चालेल. नस की शीर राहिलं.

संस्कृतवाली:
दोन्ही घोटाळ्याचे. बोलीत नस म्हणजे शीर, नर्व्ह आणि कंडरा, तिन्ही. ‘स्नायू’ची गत तर त्याहून वाईट: सुश्रुताकडे तो कंडरेच्या जातीचा, आपल्याकडे मांसपेशी आणि बंगालीत थेट नर्व्ह. शालेय पुस्तकांत चेता आहे, जुन्या पिढीला मज्जातंतू कळतो. सासूबाईंना मज्जातंतूच सांगा.

ओटीतला:
दुजोरा. मनगटात तळव्याच्या बाजूला डझनभर कंडरा, दोन मोठ्या नर्व्ह आणि दोन धमन्या एवढ्याशा जागेत असतात. ‘नस तुटली’ म्हणून आलेल्या पेशंटचं यातलं काय तुटलं ते तपासूनच कळतं.

डॉक्टरांशी बोलताना आणखी दोन शब्द जपून वापरा. बोट ‘बधिर’ म्हणजे टोचलेलं कळत नाही. ‘झिणझिण्या’ वेगळ्या. मनगटापुढे टिचकी मारल्यावर बोटात झिणझिण्या गेल्या तर बहुधा तंतू तिथवर आलेत, आणि ही जागा दर महिन्याला बोटांकडे सरकायला हवी. मेव्हण्याला म्हणावं, दोन्हींना मिळून ‘मुंग्या येतात’ असं सांगू नकोस.