ऑब्झर्व्हर क्लास काढून सरळ लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) टाकू का?

फोंडेकर_कोडर:
रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या वेळा दाखवणारं छोटं अँड्रॉइड अ‍ॅप करतोय, कोटलिन भाषेत. कोड जुन्या जावावरून उचललेला त्यामुळे प्रत्येक लाइव्हडेटाला (बदलला की कळवणारा डेटा) वेगळा ऑब्झर्व्हर क्लास (तो बदल ऐकणारा), असे सात झालेत आणि प्रत्येकात कामाची ओळ एकच. सगळे उडवले तर काही फुटेल का?

म्हापसा_बाजार:
उडव रे बिनधास्त. ऑब्झर्व्हरमध्ये ऑनचेंज्ड ही एकच मेथड, म्हणून कंपायलर लॅम्डाचाच ऑब्झर्व्हर करून देतो. फक्त फ्रॅगमेंटमध्ये (स्क्रीनचा एक भाग) ऑब्झर्व्हर लावताना धिस, म्हणजे फ्रॅगमेंट स्वतः, देऊ नको, व्ह्यूलाइफसायकलओनर दे, तो दिसणाऱ्या व्ह्यूपुरताच जिवंत असतो, नायतर दुसऱ्या स्क्रीनवर जाऊन परत आलास की जुना ऑब्झर्व्हर जिवंतच आणि वर नवा चिकटतो, माझ्याकडे एकच टोस्ट (क्षणभर दिसणारा मेसेज) तीनतीनदा यायचा, अख्खा रविवार गेला त्यात (वर लाईट पण गेलेली).

शांत_मांडवी:
ऑब्झर्व्हफॉरएव्हर (आपण काढेपर्यंत ऐकत राहणारी मेथड) कुठे असेल तर जपून. काढताना रिमूव्हऑब्झर्व्हरला तोच ऑब्जेक्ट लागतो. जुन्या लाइफसायकल लायब्ररीत नुसता लॅम्डा व्हेरिएबलमध्ये ठेवून भागत नाही, लावताना न् काढताना लॅम्डाभोवती वेगवेगळा रॅपर ऑब्जेक्ट बनतो न् जुना निघतच नाही. व्हेरिएबलमध्ये ऑब्झर्व्हर टाइपचाच ऑब्जेक्ट ठेव.

फोंडेकर_कोडर:
आयला, माझा एक तसलाच निघाला. बाकी सहा उडवले.