‘पोद्दार’ला मराठीत ‘पोतदार’ म्हणावं का?

ओवी
एका बंगाली कथेचा अनुवाद करतेय आणि एका आडनावापाशी गाडी अडलीय. कथेत गावातला एक पोद्दार आहे. दागिने गहाण ठेवून घेतो, व्याज लावतो. आडनावही तेच, धंदाही तोच. वर्गणीच्या पैशांवर तो पूजेच्या मांडवात मोठेपणा मिरवतो, तेव्हा एक म्हातारी त्याच्या तोंडावर म्हणते, ‘परेर धने पोद्दारि’. म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर पोद्दारकी. आपल्याकडे ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ तयार आहे, पण ती घातली की त्याच्या नावावरची कोटी गेली. म्हणून मी सरळ ‘पोतदार’ केलं आणि म्हण ‘परक्याच्या पैशावर पोतदारी’ अशी केली. संपादकांनी दोन्ही ठिकाणी लाल रेघ मारून ‘सावकार’ लिहिलंय. शेजारी शेरा: ‘पोतदार म्हटलं की सदाशिव पेठ डोळ्यांसमोर येते. शिवाय हे दोन वेगळे शब्द आहेत.’ आहेत का वेगळे? शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

कसोटी
मी स्वतः पोतदार, आणि कोल्हापूरचा. सदाशिव पेठेत फक्त एकदा रस्ता चुकलो होतो. संपादकांना सांगा, सावकार पैसा देतो, पोतदार पैसा पारखतो. आमच्या घरी पणजोबांचा कसोटीचा दगड आहे. तळहाताएवढा, काळाकुळकुळीत, मधोमध घासून किंचित खोलगट झालेला. आजोबा करून दाखवायचे: दागिना घासला की पिवळी रेघ उमटते, तिच्या शेजारी माहितीतल्या कसाची रेघ ओढायची आणि उजेडात धरून दोन्ही रंग ताडून बघायचे. मग मेणाची गोळी दगडावर फिरवून रेघांमधलं सोनं टिपून घ्यायचं, ते वाया नाही घालवायचं. चांदीचा रुपया मात्र दगडावर आपटून कानाने पारखायचे. बद्द आवाज आला की बाजूला.

शब्दाबद्दल आमच्यात असं सांगतात की पोत म्हणजे काळे मणी. मंगळसूत्राची पोत ओवणारे ते पोतदार.

दर्यावर्दी
संस्कृतात पोत म्हणजे जहाज. पोतदार म्हणजे जहाजमालक. कोकणातून घाटावर गेलेले असणार.

मोडीवाचक
मण्यांची पोत आणि जहाजाचा पोत दोन्ही जरा बाजूला ठेवू. दप्तरात ‘पोते’ हा शब्द सरकारी रोकड या अर्थी पदोपदी भेटतो. शिवकाळातल्या बारा महालांच्या, म्हणजे खात्यांच्या, यादीत पोते आहे, कोठी, पागा, टंकसाळ, छबिना यांच्या पंगतीत. आठ दरकदारांत, म्हणजे हुद्देदारांत, शेवटचा पोतनीस. तिथला क्रम असा: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस. पोतनीस रोकड लिहितो, त्यातला ‘नीस’ म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. पोतदार रोकड हाताळतो आणि आलेलं नाणं खरं की खोटं ते सांगतो. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात पोतदाराचं हेच काम दिलंय, आणि गावच्या सोनारालाही पोतदार म्हणतात असंही नोंदवलंय. म्हणजे कसोटीराव, तुमचा दगड खरा, मणी खोटे.

मूळ शब्द फारसी फोता. कमरेला गुंडाळायचं कापड, मग त्याची थैली, मग त्या थैलीतून भरायचा सरकारी भरणा. आइने-अकबरीत खजिनदाराबद्दल लिहिताना अबुल फझल सांगतो की चालू बोलीत याला फोतेदार म्हणतात. ओवीताई, तुमचा पोद्दार तोच. त आणि द शेजारी आले की जीभ ‘द्द’ करते, एवढाच फरक. राजस्थानात चूरूच्या जुन्या व्यापारी कागदांत ‘पोतेदार’ असं मधलं रूप सापडतं. त्याच मुलखातली घराणी आज पोद्दार लावतात.

हुगळीकाठ
तीस वर्षं कोलकात्यात आहे, म्हणून थोडी भर. इथे पोद्दार दोन तऱ्हेचे. एक बंगाली, आडनावाचे आणि धंद्याचेही. नाणी बदलून देणारा, सोनंनाणं पारखणारा तो पोद्दार, हा सामान्यनाम म्हणूनही चालतो. बांगलादेशातही हे आडनाव आहे. दुसरे मारवाडी, शेखावाटीतल्या रामगढ, नवलगढ भागातून आलेले. गीता प्रेसचे हनुमानप्रसाद पोद्दार हे त्या दुसऱ्या गटातले. दोघांचं एकमेकांशी नातं काहीच नाही, मोतीबाजार वेगळा नि मासळीबाजार वेगळा. नुसतं एकाच हुद्द्याचं नाव दोन ठिकाणी चिकटलं.

आणि ओवी, ‘पोद्दारि’ला बंगालीत नुसती श्रीमंती नाही, टेचात मिरवण्याचा वास आहे. ‘सावकारी’ लिहिलंत तर तो वास गेला.

स्वभाषाप्रेमी
फारसी म्हणताय तर फारसीच नको. अनुवादात तरी कोषपाल वापरा. ज्या भाषेत रघुनाथपंतांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश केला, तिच्यात साडेतीनशे वर्षांनी आपण यावनी शब्दांचीच वकिली करत बसलोय.

चहाटळ
‘परक्याच्या पैशावर कोषपालकी’. म्हातारी जागीच गार. कोषपाल आडनावाचा एक तरी मनुष्य दाखवा, मी चहा पाजतो. लोकांनी फडणीस लावलं, चिटणीस लावलं, पोतनीस लावलं. कोशातली संस्कृत पदं कोशातच राहिली.

स्वभाषाप्रेमी
पंतसचिव. पंतअमात्य. पंतप्रतिनिधी. चहा साखर कमी.

चहाटळ
पाजतो.

दिल्लीचा_थंडगार
मोडीवाचकांच्या फोतेदाराला एक जिवंत वारस आहे. ऐंशीच्या दशकात पेपरात रोज दिसणारे काँग्रेसचे माखनलाल फोतेदार आठवतात? काश्मिरी पंडित. लहानपणी मला वाटायचं वार्ताहराने पोतदार चुकीचं लिहिलंय. आमच्या मजल्यावर एक फोतेदार कुटुंब राहायचं. काकू सांगायच्या की पूर्वज खजिन्यावर होते. मी म्हटलं आमच्याकडे यालाच पोतदार म्हणतात, तर म्हणाल्या, म्हणजे तुम्ही आमचा फ खाल्लात.

मोडीवाचक
खाल्ला खरा. पण तो एकट्याचा नाही खाल्ला: दफ्तरचं दप्तर, हफ्ताचा हप्ता, तफसीलचा तपशील.

भाषाविरजण
मोडीवाचककाका, ही सगळी उदाहरणं शब्दाच्या मधोमध फ असलेली आहेत. शब्दाच्या सुरुवातीचा फ मराठीने शाबूत ठेवलाय: फौज, फर्मान, फाजील, फितूर, खुद्द फडणीस. मग फोतेदाराचाच तेवढा प का झाला?

चहाटळ
पारसनीस! फारसी लिहिणारा तो पारसनीस. घ्या, सुरुवातीचा प.

भाषाविरजण
नाही हो. तिथे पारसी हेच जुनं रूप आहे, फ मागाहून आला, अरबीत प नाही म्हणून. माझ्या मते फोताला आपल्याकडे आधीच एक भाऊबंद बसलेला होता. प्राकृतात पोत्त म्हणजे कापड. त्याच घरातलं आपलं पोतं, वैदूची पोतडी, सारवायचं पोतेरं, कापडाचा पोत. बाहेरून फोता आला, अर्थ तोच, कापडाचाच. लोकांनी त्याला ओळखीच्या शब्दाचा सदरा घातला. पोत्यात पैसा, पैशावर बसलेला तो पोतदार. यात कुणाला परकं काही वाटलंच नसेल.

मोडीवाचक
सुरुवातीच्या फ-चा प झाल्याचं एक तरी उदाहरण माझ्याकडे आहे: पलिता, फारसी फलीता. पण एका उदाहरणावर नियम बसत नाही हे कबूल. तुमच्या बाजूचाच एक पुरावा देतो, उगाच मागे ठेवला असं नको. जुने अरबी कोशकार ‘फूता’बद्दल लिहितात की हे सिंधमधून येणारं जाडंभरडं कापड, आणि शब्द अरबी नव्हे.

स्वभाषाप्रेमी
म्हणजे शब्द आपलाच! आपलं कापड, आपलंच नाव, ते अरबस्तान-इराण फिरून घरी आलं. मी कोषपाल मागे घेतो. पोतदार शंभर टक्के स्वदेशी.

मोडीवाचक
कालपर्यंत यावनी होता.

स्वभाषाप्रेमी
‘दार’सुद्धा संस्कृत ‘धृ’चा सख्खा भाऊ आहे, हे तुम्हीही नाकारणार नाही.

मोडीवाचक
भाऊ आहे, मुलगा नाही. आणि कापड सिंधचं असलं तरी खजिन्याचा अर्थ फारसी कचेरीत चिकटला. सिंधी विणकराला फोतेदार ठाऊक नव्हता.

मांजराकाठ
तुमचं फ-प चालू द्या. मला वाटतं हे आडनाव जागोजाग का विखुरलं हे त्या कामात बघायला पाहिजे. प्रत्येक मुलखात दहा प्रकारचे रुपये. पुण्याकडं अंकुशी, नाशिककडं चांदवडी, आमच्याकडं निजामाचा हाली. एकाचा दुसरा करायचा तर बट्टा द्यावा लागायचा. नावाला बट्टा लागतो म्हणतो ना आपण, तोच. तर प्रत्येक कसब्याला, प्रत्येक खजिन्याला एक पारखी लागणारच. तो देशस्थ असेल तर देशस्थ पोतदार, सोनार असेल तर सोनार पोतदार. पोतनीस म्हणाल तर सीकेपींतही आहेत. विजापूर-बागलकोटकडं पोतदारांच्या घरात कानडी बोलतात. त्यामुळं ‘पोतदार म्हणजे कोण?’ असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, ‘कुठले?’

कंपनीनं 1835 मध्ये सगळीकडं एकच रुपया केला, तिथं हे काम संपत आलं. पण आमच्या लातूरकडं राज्य निजामाचं, बार्शी पेठ इंग्रजांची. आजोबा भुईमूग बार्शीला विकायचे, कलदार म्हणजे इंग्रजी रुपये घेऊन यायचे, आणि गावात व्यवहार हालीचा. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. लग्नाच्या यादीत आकड्यापुढं ‘हाली’ की ‘कलदार’ हे लिहिलं नाही म्हणून आमच्या एका आत्याची वरात वेशीवर तासभर थांबली होती. शेवटी गावच्या पोतदारालाच बोलावलं, आणि त्यानं कलदार म्हणून निकाल दिला. तो नवऱ्याकडचा निघाला हे नंतर कळलं.

कसोटी
आमचे नव्हेत ते. आमच्यात कुणी लातूरला गेलेलं नाही.

सई_माटुंगा
मी माहेरची पोतदार आणि कॉलेज पोदार. तीन वर्षं वर्गात एकच प्रश्न: कॉलेज तुमचंच का गं? खरं तर पोदार, पोद्दार, पोतदार हे सगळं इंग्रजीत लिहिलं की एका अक्षराचा खेळ. मुंबईत माझ्या नावाची चिठ्ठी वाचणारे दहांतले सहा जण ‘पोद्दार’ म्हणतात, आता मी दुरुस्तही करत नाही. पुण्यात गेलं की मात्र इतिहासकार पोतदारांवरून ‘दत्तो वामनांपैकी का?’ त्यांचं कुणी नाही आणि कॉलेजवाल्यांचंही नाही, दोन्हीकडे निराशा करते.

चहाटळ
आणि सरपोतदार राहिले. मूकपटांचे नानासाहेब सरपोतदार, त्यांचंच लक्ष्मी रोडवरचं पूना गेस्ट हाऊस. पोतदारांवरचा तो सरपोतदार. पैसा पारखून झाला की थालीपीठ पारखायचं.

भाषाविरजण
ओवीच्या मुद्द्याकडे येऊ का? माझं मत: शब्द एक, पण आजचे अर्थ दोन. बंगालीत पोद्दार हा अजून माणसाचा धंदा आहे. मराठीत पोतदार हे फक्त आडनाव उरलंय, धंदा लोक विसरले. तेव्हा संपादक व्युत्पत्तीत चुकले आणि वाचकाबाबत बरोबर आहेत.

हुगळीकाठ
असहमत. आडनावातला धंदा वाचक विसरलाय तर अनुवादाने त्याला आठवण करून द्यावी. पहिल्याच परिच्छेदात तो नाणं दगडावर वाजवताना दाखवा की झालं.

ओवी
मूळ कथेत तो नाणं वाजवत नाही. मी कसं वाजवायला लावू?

हुगळीकाठ
हलकेच.

स्वभाषाप्रेमी
अनुवादकाने पदरचं घालू नये. ‘सराफ’ लिहा.

मोडीवाचक
सराफ अरबी आहे, बघा बुवा.

ओवी
शुक्रवार झाला. मी ‘पोद्दार’ तसंच ठेवलं, म्हण ‘परक्याच्या थैलीवर पोद्दारी’ केली आणि मजकूर पाठवला. आत्ता संपादकांचा फोन येऊन गेला. थैली त्यांना आवडली. म्हणाले, ‘पोद्दार मारवाडी वाटतोय, कथा तर खुलनाची आहे ना? त्यापेक्षा पोतदार करू या का?’

कसोटी
माझा कोल्हापूरचा पत्ता देऊ का त्यांना?

मांजराकाठ
या निमित्तानं विचारतो, आमच्याकडं कडकलक्ष्मी घेऊन येणारा पोतराज, त्यातला पोत कोणता?

मोडीवाचक
तेलुगूतला पोतुराजु. त्याचा थैलीशी संबंध नाही. पण देवीपुढे पेटवतात तो पोत परत वेगळा, तो कापडाच्या पिळाचाच. यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

दर्यावर्दी
पोत म्हणजे जहाज, हे अजून कुणी खोडलेलं नाही.