प्रायमरीत कोणाच्या बाजूने उभं राहायचं? (अमेरिका, अनुभव धागा)

नागरिकत्वाची शपथ झाली, मतदार नोंदणी झाली, आता प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात) मत कोणाला द्यायचं, हा प्रश्न इथल्या मराठी घरांत दर चार वर्षांनी नव्याने येतो. नोव्हेंबरमध्ये मुख्यतः दोन नावांतून निवडायचं असतं, ते त्या मानाने सोपं. प्रायमरीत एकाच पक्षाचे आठ-दहा जण समोर असतात, बोलणं सगळ्यांचं सारखंच, आणि नियम मात्र दर राज्यात वेगळा. २०२८ ची तयारी आतापासून व्हावी म्हणून हा धागा. मत कोणाला दिलंत ते लिहू नका. कसं ठरवायचं, कुठे अडतं, कोणता नियम लोकांना उशिरा कळतो, ते लिहा. सुरुवातीला राज्याचं नाव टाका, कारण एका राज्यातला सल्ला दुसरीकडे चुकीचा ठरतो.

एडिसन, न्यू जर्सी

उमेदवाराच्या आधी स्वतःची नोंदणी बघा. आमच्याकडे कोणत्याच पक्षात नाव नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देता येतं. पण एका पक्षात नोंद आहे आणि दुसऱ्यात जायचंय, तर फॉर्म ५५ दिवस आधी पोचायला हवा. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये पक्षात नाव नसेल तर प्रायमरीत मतच नाही. तिथे २०१६ च्या १९ एप्रिलच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ ला संपली होती! २०१९ मध्ये कायदा बदलला आणि ती १४ फेब्रुवारीवर आणली, तरी पुष्कळांचं मन बनायच्या आधीच ती निघून जाते. फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनियाही असेच बंद. म्हणजे 'कोणता उमेदवार' याआधी 'कोणत्या पक्षाच्या लढतीत माझं मत कामाला येईल' हे ठरवावं लागतं, आणि तेही मुदतीच्या आत.

दुसरं, आमची प्रायमरी जूनमध्ये. २०२४ मध्ये दोन्ही पक्षांत बहुमताएवढे डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) १२ मार्चलाच जमले होते. असं झालं तरी घरी बसू नका. त्याच बॅलटवर काँग्रेसचे (अमेरिकन संसदेचे) आणि काउंटीचे (जिल्ह्याचे) उमेदवार असतात, आणि तिथे थोड्या मतांनीही निकाल फिरतो.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

आमच्याकडची सगळ्यात मोठी चूक नोंदणीच्या फॉर्मवर होते. 'मी कोणत्याच पक्षाचा नाही' असं म्हणायचं असतं आणि लोक 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी' वर खूण करतात. तो एक वेगळा पक्ष आहे. पक्षाविना राहायचं तर 'नो पार्टी प्रेफरन्स' निवडा. त्यातही टपालाने येणाऱ्या बॅलटवर राष्ट्राध्यक्षपदाची जागाच छापलेली नसते. २०२० आणि २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने अशा मतदारांना परवानगी दिली होती, पण त्यासाठी 'क्रॉसओव्हर' (त्या पक्षाचं) बॅलट मागवावं लागलं. काउंटीकडून आलेलं पोस्टकार्ड जाहिरात समजून टाकून दिलं की मग काउंटीकडे वेगळी मागणी करावी लागते किंवा केंद्रावर जाऊन बदलून घ्यावं लागतं. रिपब्लिकन प्रायमरीसाठी पक्षात नोंद हवीच.

आता पाकिटाबद्दल. बॅलट साधारण महिनाभर आधी घरी येतं. ते लगेच भरून टाकावंसं वाटतं, पण प्रायमरीत तेच महागात पडतं. २०२० मध्ये बॅलट ३ फेब्रुवारीपासून निघाले आणि मतदान ३ मार्चला होतं. मधल्या काळात आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेव्हाडा आणि साउथ कॅरोलायना इथलं मतदान झालं. २९ फेब्रुवारीला टॉम स्टायर, १ मार्चला पीट बुटिजेज, २ मार्चला एमी क्लोबुचर असे डेमोक्रॅटिक उमेदवार लढतीतून बाहेर पडले. ज्यांची पाकिटं त्याआधीच गेली होती त्यांची मतं गळालेल्या नावांवर पडली. एकदा पाठवलेलं मत इथे परत घेता येत नाही.

म्हणून एक साधी पद्धत. बॅलट आलं की बाकीच्या सगळ्या जागा आणि प्रस्ताव भरून ठेवा, राष्ट्राध्यक्षाचा रकाना कोरा ठेवा, पाकीट उघडंच राहू द्या. साउथ कॅरोलायनाचा निकाल लागला, दोन दिवस जाऊ दिले, की तो रकाना भरा, पाकिटावर सही आणि तारीख घाला आणि टपालात न टाकता सरळ ड्रॉपबॉक्समध्ये टाका. सही नोंदणीच्या वेळी होती तशीच हवी. मराठी वळणाची जुनी सही आणि आता घाईतली इंग्रजी सही यांत फरक पडला तर काउंटीकडून पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर दिलं नाही तर मत बाद.

अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगच्या डेमोक्रॅट्सनी २०२० मध्ये पसंतीक्रमाची पद्धत वापरली होती. पहिली पसंती गळाली की मत पुढच्या पसंतीकडे जातं. अर्ली व्होटिंग (मतदानाच्या दिवसाआधी मत देण्याची सोय) असलेल्या प्रत्येक राज्यात हे यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बॉस्टन परिसर, मॅसॅच्युसेट्स

१५ टक्क्यांचं गणित समजल्याशिवाय डेमोक्रॅटिक प्रायमरीत 'मत वाया जाणं' म्हणजे काय ते कळत नाही. डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात, पण १५ टक्क्यांच्या खाली असलेल्याला शून्य. हा उंबरठा संपूर्ण राज्यासाठी वेगळा लागतो आणि प्रत्येक काँग्रेस मतदारसंघासाठी वेगळा.

समजा एका मतदारसंघात ६ डेलिगेट आहेत आणि मतं ३०, २५, १४, १३, १२ आणि ६ टक्के अशी पडली. मोजले जातात फक्त पहिले दोघे, म्हणजे ५५ टक्के. तीसवाल्याचा वाटा ३.२७, पंचवीसवाल्याचा २.७३. आधी पूर्णांक द्यायचे, मग उरलेला एक ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला. दोघांना ३-३. उरलेल्या ४५ टक्के मतांतून एकही डेलिगेट नाही.

डेलिगेटांची संख्या सम की विषम हेही बघा. दोघांतच लढत असेल तर ४ डेलिगेटांच्या मतदारसंघात ३-१ करायला ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं, नाहीतर २-२. ५ असतील तर निम्म्याच्या जरा वर गेलं की ३-२. म्हणून विषम मतदारसंघात काठावरच्या मतदाराचं वजन जास्त.

माझा नियम असा: आवडता उमेदवार आमच्या राज्यात १२ ते १८ टक्क्यांत दिसत असेल तर त्यालाच मत द्यायचं, कारण तिथे प्रत्येक मत त्याला उंबरठ्यावर नेतं. ४-५ टक्क्यांवर असेल तर दुसऱ्या पसंतीचा विचार करायचा. हे आकडे देशाच्या नव्हे, राज्याच्या पोलमधून घ्या. ४०० जणांच्या पोलला साधारण ५ टक्के इकडे-तिकडे धरावेच लागतात, त्यामुळे एकाच पोलवर मन बदलू नये.

रिपब्लिकन बाजूला हे गणित चालत नाही. तिथे मार्चच्या मध्यानंतर राज्याला सगळे डेलिगेट विजेत्याला देता येतात. त्याआधी मतदान झालेल्या कॅलिफोर्नियातही २०२४ मध्ये ५० टक्क्यांच्या वर गेलेल्याला सर्व १६९ मिळायचे होते. अशा ठिकाणी तिसऱ्या क्रमांकाला कितीही मतं पडली तरी हाती काही लागत नाही.

लास व्हेगस, नेव्हाडा

मत देण्याआधी विचारा: या मतदानातून डेलिगेट मिळतात का? २०२४ मध्ये आमच्याकडे रिपब्लिकनांचं दोनदा मतदान झालं. ६ फेब्रुवारीला राज्याची प्रायमरी, ८ फेब्रुवारीला पक्षाचं कॉकस (पक्षाने स्वतः सभा भरवून घेतलेलं मतदान). डेलिगेट फक्त कॉकसमधून. ट्रम्प कॉकसमध्ये होते, निकी हेली प्रायमरीत होत्या, आणि त्या 'यापैकी कोणीही नाही' या पर्यायाच्याही मागे पडल्या.

फेअरफॅक्स, व्हर्जिनिया

वर गणित छान आलंय, मी आश्वासनांबद्दल लिहिते. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा. राष्ट्राध्यक्ष स्वतः करू शकतो ते पहिल्यात, काँग्रेसशिवाय होत नाही ते दुसऱ्यात, राज्याच्या हातातलं तिसऱ्यात. मग उमेदवाराचं प्रत्येक आश्वासन एकेका रकान्यात टाका.

आपल्या लोकांचा जिव्हाळ्याचा विषय घ्या. ग्रीन कार्डची रांग एका देशाला ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे तुंबते. ती मर्यादा कायद्यात आहे, म्हणजे दुसरा रकाना. एच-१बी वाल्यांच्या एच-४ व्हिसावरच्या जोडीदारांचा कामाचा परवाना २०१५ च्या नियमाने आला, कायद्याने नाही, म्हणजे पहिला रकाना. तो देणं आणि काढून घेणं दोन्ही प्रशासनाच्या हातात. 'पहिल्या दिवशी रांग संपवतो' म्हणणाऱ्यापेक्षा 'एच-४ च्या नियमाला हात लावणार नाही' असं लिहून देणाऱ्याचा शब्द मोलाचा. शाळेच्या मालमत्ता कराबद्दल बोलणाऱ्याचं ऐकून घ्या, पण तो तिसरा रकाना आहे.

दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टींसाठी उमेदवाराचा मागचा हिशेब तपासा. सिनेटर (वरच्या सभागृहातला) किंवा हाउसचा (खालच्या सभागृहाचा) सदस्य असेल तर काँग्रेसच्या संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाकून 'को-स्पॉन्सर' चं (सह-प्रस्तावकांचं) पान उघडा. नावापुढे तारीख असते, ती महत्त्वाची. सुरुवातीला सही केली की प्रचार सुरू झाल्यावर, तिथे दिसतं. २०१९ चं एस. ३८६ बघा. देशनिहाय मर्यादेबद्दलचं ते विधेयक सिनेटर माइक ली आणि तेव्हा सिनेटर असलेल्या कमला हॅरिस यांनी मिळून आणलं होतं. हाउसमध्ये त्याचं जोडविधेयक ३६५ विरुद्ध ६५ ने मंजूर झालं, सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये बदललेला मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि मुदत संपून सगळं विरलं. 'माझा पाठिंबा होता' म्हणणाऱ्याला विचारायचं, कोणत्या मसुद्याला? मतदानाची नोंद बघताना वरची ओळ वाचा, अंतिम मंजुरीचं मत आहे की नुसतं चर्चा थांबवण्याचं. जाहिराती बहुतेक दुसऱ्या प्रकारावरच रचलेल्या असतात.

डेट्रॉइट परिसर, मिशिगन

आमच्याकडे मतदार यादीत पक्ष नसतो, पण राष्ट्राध्यक्षाच्या प्रायमरीत कोणत्या पक्षाचं बॅलट हवं ते लेखी मागावं लागतं. कोणीच पसंत नसेल तर 'अनकमिटेड' (कोणालाच बांधील नाही) वर खूण करता येते. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत ती १ लाखाहून अधिक जणांनी केली आणि त्यातून २ डेलिगेट निघाले. ऑगस्टच्या राज्य प्रायमरीची तऱ्हा वेगळी. तिथे दोन्ही पक्ष एकाच कागदावर असतात. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभे होते ती हीच. आपल्या माणसाला एका रकान्यात आणि दुसऱ्या जागेसाठी पलीकडच्या रकान्यात मत दिलं तर पक्षांचा सगळा भाग बाद होतो.

शिकागो परिसर, इलिनॉय

ग्रीन कार्डवाल्यांनी मत द्यायचं नाही, पण देणगी चालते. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावाल्यांना देणगीही चालत नाही, विनामोबदला फोन करणं किंवा दारोदार जाणं चालतं. लायसन्सच्या कार्यालयात मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे नागरिक नसताना 'हो' म्हणू नका, पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडतो.

देणगीची मर्यादा २०२५-२६ साठी एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,५०० डॉलर, आणि प्रायमरी वेगळी मोजतात. २०० डॉलरच्या वर गेलं की नाव, गाव आणि नोकरीचं ठिकाण सार्वजनिक होतं. छोटी देणगी लवकर दिली तर तिचा उपयोग जास्त. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक वादसभेच्या मंचावर येण्याचा एक मार्ग ६५,००० वेगवेगळ्या देणगीदारांचा होता, तिथे १ डॉलरही एक देणगीदार. पैसे भरताना 'दर महिन्याला' ची खूण आधीच केलेली असू शकते, ती काढा.

महाराष्ट्र मंडळाच्या नावाने कोणाला पाठिंबा जाहीर करू नका. ५०१ सी ३ खाली करमुक्त असलेल्या संस्थेला ते निषिद्ध आहे.

पुणे

परत आलेल्या अमेरिकन नागरिकांसाठी. डेमोक्रॅट्सची परदेशस्थांसाठी स्वतंत्र प्रायमरी असते. २०२० मध्ये ती ३ ते १० मार्चला झाली आणि १३ डेलिगेट होते. तिथे मत दिलं तर राज्याच्या राष्ट्राध्यक्ष प्रायमरीत देता येत नाही, दोन्हींपैकी एकच. रिपब्लिकनांची अशी सोय नाही, राज्याचंच बॅलट मागवायचं. त्यासाठीचा फेडरल पोस्टकार्ड अर्ज दर वर्षी जानेवारीत नव्याने भरा, अमेरिकेतला शेवटचा राहता पत्ता घाला, आणि बॅलट ईमेलने मागा. टपालावर विसंबलात तर प्रायमरीचं बॅलट वेळेत हातात पडेलच असं नाही.